माझा उजवा कान

चक्कर पहिल्यांदा आली तेव्हा मी चक्कीसमोर उभी होते. कुडव्याला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आटाचक्की आहे आणि ती मी चालवते. नवऱ्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान गोंदियात. सकाळी डबा घेऊन तो गाडीवर निघतो आणि संध्याकाळी परततो, त्यामुळे दिवसभर घर आणि चक्की माझ्याच ताब्यात. त्या दिवशी मागच्या गल्लीतल्या एका बाईंचे गहू चालले होते. वरच्या पेटीतले दाणे संपत आले की चक्कीचा आवाज बदलतो. दाणे असतात तोवर तो जाड, भरलेला असतो. दगडांमध्ये काही उरलं नाही की पातळ होत होत वर चढतो आणि मग बटण बंद करावं लागतं. तसा तो वर चढला आणि समोरची भिंत उजवीकडे सरकली. भिंतीवरचं कॅलेंडर, खिळ्याला टांगलेली पिशवी, सगळं एकत्र सरकलं. मी पिठाचा डबा धरून उभी राहिले. बटण दाबलं तशी भिंत थांबली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. भिंत हलल्यासारखी वाटली."

"भिंत कायले हलेल? बीपी पाहून घ्या एकदा."

बीपी पाहिलं. ते ठीक होतं. साखर पाहिली, तीही ठीक. मग रक्त कमी असेल म्हणून लाल गोळ्या झाल्या, मानेचा मणका घासला असेल म्हणून फोटो झाला, चकरेच्या गोळ्या झाल्या. त्या गोळ्यांनी झोप छान यायची, पण भिंत आपली अधूनमधून सरकायचीच. मी भेटले त्या प्रत्येक डॉक्टरने मला विचारलं की जेवता का वेळेवर, टेन्शन आहे का, पाळी कशी आहे. कानाचं कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. मला तो आजार वाटतच नव्हता. कोणी डावखुरं असतं, कोणाच्या भुवया जुळलेल्या असतात, तसा माझा उजवा कान वाहायचा.

तो कधीपासून वाहतो हे मला सांगता येणार नाही. माझं माहेर तिरोड्याजवळच्या एका खेड्यात, घरचं धानाचं शेत. लहानपणीची जी सगळ्यात जुनी आठवण माझ्याकडे आहे, तिच्यात मी मायच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी आहे, उजवा कान वर, आणि माय चुलीवर पळी धरून जवसाच्या तेलात लसूण तळते आहे. तेल कोमट झालं की ती स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायची आणि मग माझ्या कानात सोडायची. आत 'गुळूक' असा आवाज व्हायचा. तो मला आवडायचा. नंतर कापसाचा बोळा. दुसऱ्या दिवशी तो पिवळा झालेला असायचा आणि त्याला वास यायचा. शाळेत माझ्या उजव्या हाताला कोणी बसायला तयार नसायचं. मला त्याचं फार वाईट वाटत नव्हतं, कारण उजवीकडून कोणी काही बोललं तर मला धड ऐकूही यायचं नाही. चालताना माणसं डाव्या हाताला घ्यायची, वर्गात उजव्या भिंतीकडची जागा धरायची, हे मी कोणी न शिकवता शिकले होते. आणि एक फायदा मी कोणाला सांगितला नव्हता. रात्री डाव्या कुशीवर झोपलं, चांगला कान उशीत दाबला, की जगाचा आवाज बंद व्हायचा. बैल, कुत्री, बाबांचं घोरणं, काही नाही.

मला पाहायला आले तेव्हा मायने बोळा बदलला आणि नव्या बोळ्याला अत्तर लावलं. बरीच वर्षं झाल्यावर नवऱ्याने एकदा सहज सांगितलं, "मला वाटलं होतं तुमच्या घरचे लोक मोठे शौकीन आहेत. पोरीच्या कानात फाया." मी त्याला खरं सांगितलं तर तो इतका हसला की त्याला चहा खाली ठेवावा लागला.

लग्नानंतर कान काही वर्षं कोरडा राहिला, मग पुन्हा सुरू झाला. आता पाणी कमी यायचं, पण वास जास्त. कधी औषधाचे थेंब टाकले की महिनाभर बंद. सर्दी झाली की परत. आयुष्याचा एक कोपरा असा ओला राहतो, त्यावर आपण पायपुसणं टाकतो आणि कामाला लागतो.

चकरेचा आणि आवाजाचा संबंध माझ्या लक्षात आला तो मिरचीमुळे. धान्याच्या चक्कीशेजारी मिरची-हळदीची एक वेगळी मशीन आहे. ती फार मोठ्याने ओरडते, पण तिचा आवाज बसका. मिरचीच्या दिवसांत ती सकाळपासून चालू होती आणि मला एकदाही चक्कर आली नाही. संध्याकाळी एका पोत्याचे तांदूळ दळायला घेतले, पेटी रिकामी झाली, आवाज वर चढला आणि भिंत निघाली. मी बटण बंद केलं. थोडा वेळ थांबले. मग पेटीत काही न टाकता पुन्हा सुरू केलं. भिंत निघाली. बंद केलं, थांबली. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला गंमत वाटली. इतके दिवस ही चक्कर वाऱ्यासारखी येत होती, कधी येईल याचा नेम नव्हता. आता तिचं बटण माझ्या हातात आलं होतं.

त्यानंतर मी इतर आवाज तपासू लागले. कुकरच्या शिट्टीने भिंत किंचित थरथरायची. रेल्वे फाटकाजवळ गाडी थांबवली असताना इंजिनाने भोंगा दिला तर समोरची माणसं एका बाजूला घसरायची. देवळातल्या घंटेने काही नाही. ताट पडलं तर एक झटका. न्हाताना कानात बोट घालून दाबलं तर आवाजाशिवायही न्हाणीघर फिरायचं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. "आवाजानं कोणाला चक्कर येते का?" तो म्हणाला.

"मला येते. दाखवू?"

तो हात धुऊन आला. आयुष्यभर बिघडलेल्या मोटरी उघडलेला माणूस, कुठलीही गोष्ट समोर चालवून दाखवली की त्याला राहवत नाही. त्याने मला चक्कीसमोर स्टुलावर बसवलं, मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "डोळे उघडे ठेव. समोर बघ. हां, लगावतो आता."

चक्की रिकामी फिरली. आवाज चढला. मी स्टूल धरून बसले. त्याने बटण बंद केलं आणि मोबाइलवरचा व्हिडिओ परत परत पाहिला. मग माझ्याशेजारी बसून त्याने मला ते दाखवलं. माझी दोन्ही बुबुळं हळूच डावीकडे ओघळत होती आणि झटक्याने उजवीकडे परत येत होती. पुन्हा ओघळत, पुन्हा झटका. मला त्या वेळी वाटत होतं की मी एकटक समोर बघते आहे.

"भिंत नाही हलत," तो म्हणाला. "तुझे डोळे हलून राहिले."

"पण डोळ्यांना आवाजाशी काय करायचंय?"

"तेच तर. कनेक्शन कुठून तरी आहे आतून. शॉर्ट झालंय कुठंतरी."

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उशिरा उघडलं आणि आम्ही कानाच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर बाई होत्या, वयाने माझ्याहून लहान. नवऱ्याने आधी व्हिडिओच पुढे केला. बाईंनी तो पाहिला, परत पाहिला आणि खुर्ची पुढे ओढून विचारलं, "कान वाहतो का?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्या. मी म्हटलं, "लहानपणापासून."

त्यांनी मला आडवं करून दुर्बिणीतून कान पाहिला. बारीक नळीने आतलं ओढून घेताना माझ्या डोक्यात वादळ सुटल्यासारखा आवाज झाला. चिमट्याने त्यांनी काहीतरी काढून गॉजवर ठेवलं. पांढरं, पातळ, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं. वास तोच, मायच्या मांडीवरचा.

मग त्यांनी एक लोखंडी चिमटा काढला, दोन पायांचा, हातावर आपटला की गुणगुणणारा. तो माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. "कुठं ऐकू येतं? मध्ये, डावीकडे, की उजवीकडे?"

मी उत्तर द्यायला वेळ लावला, कारण उत्तर मला चुकीचं वाटत होतं. "उजवीकडे," मी म्हटलं. "पण तो कान तर खराब आहे."

"म्हणूनच. बाहेरून आवाज आत जायचा रस्ता बंद आहे, पण आतलं ऐकण्याचं यंत्र चालू आहे. हाडातून आवाज गेला की त्या बाजूला मोठा वाटतो."

मी आणि नवरा एकमेकांकडे बघायला लागलो. कारण बेअरिंग वाजतं का हे बघायला आम्ही स्क्रू ड्रायव्हरचं टोक चक्कीच्या मोटरवर टेकवतो आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतो. ती युक्ती त्यानेच मला शिकवली होती. पण बेअरिंगची बारीक खरखर त्याच्या आधी मला ऐकू यायची आणि मी नेहमी उजवाच कान लावायचे. तो म्हणायचा, तुझा कान चांगला आहे. तेव्हा मी मनात हसायचे की याला कोणत्या कानाचं कौतुक आहे ते ठाऊक नाही.

शेवटी बाईंनी कानाच्या तोंडापाशी असलेलं ते छोटं टोक बोटाने आत दाबलं आणि दवाखाना फिरला. "बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "व्हिडिओसारखंच."

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं तेव्हा मला 'कोलेस्टेरॉल' ऐकू आलं. मी म्हटलं, "तेल तर आम्ही कमीच खातो." बाई हसल्या आणि नाव पुन्हा, सावकाश सांगितलं. कोलेस्टिएटोमा. मग कागदावर चित्र काढलं. कानाच्या पडद्याचा एक कोपरा वर्षानुवर्षं आत ओढला जाऊन त्याची पिशवी झाली होती. पिशवीला अस्तर कातडीचं. कातडी रोज मरते, रोज नवी येते, बाहेर असली तर अंघोळीत निघून जाते. इथे आत ती निघायला वाट नाही. पापुद्र्यावर पापुद्रा साचत जातो, पिशवी मोठी होते आणि आजूबाजूचं हाड खाते.

"किडा नाही? गाठ नाही?" मी विचारलं.

"कॅन्सरची गाठ नाही. तुमचीच कातडी आहे. फक्त नको त्या जागी."

या वाक्याचा मी त्या रात्री फार विचार केला. बाहेरून काही शिरलं असतं तर त्याचा राग करता आला असता.

स्कॅन झाला. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर बाईंनी पेनाने दाखवलं. ऐकण्याच्या यंत्राला लागूनच तीन वाकड्या नळ्या असतात, त्यांत पाणी असतं, डोकं कसं फिरलं ते त्या पाण्यावरून कळतं. त्यातल्या एका नळीचं हाड खाल्लं गेलं होतं.

"मिस्त्री लोक लेव्हल पाहायला पाण्याची नळी लावतात तसं?" नवऱ्याने विचारलं.

"बरोबर तसं. आणि तुमच्या नळीला भोक पडायला आलंय. जोराचा आवाज झाला, बोट दाबलं, की आतलं पाणी हलतं. डोक्याला वाटतं आपण फिरलो. डोळे सावरायला जातात."

आमच्या दोघांच्याही मनात पहिली भावना समाधानाची होती, हे विचित्र वाटेल. शॉर्ट सापडलं होतं. पण बाईंचं पेन पुढे सरकत गेलं. ही चेहऱ्याची नस, पिशवीला अगदी लागून. हे छप्पर, याच्या वर मेंदू, छप्पर पातळ झालंय. ऑपरेशन करावं लागेल, नागपूरला. पिशवी साफ काढावी लागेल. ऐकू येणं वाढेल असं मी सांगत नाही, त्या म्हणाल्या. हे ऑपरेशन कान वाचवायला नाही, तुम्हाला वाचवायला आहे.

"लगेच?" मी विचारलं.

"लवकर. आणि मध्ये चेहरा वाकडा झाला, ताप येऊन डोकं फार दुखलं, मान आखडली, तर त्याच दिवशी निघा. उद्या नाही."

आम्ही लवकर म्हटलं, पण आमचं लवकर म्हणजे धान कापून झाल्यावर. ऑपरेशननंतर माझ्याजवळ राहायला माय येणार होती आणि कापणी सोडून ती येऊ शकत नव्हती. माझ्या मते इतकी वर्षं थांबलेला कान आणखी काही आठवडे थांबला असता.

तो थांबला नाही. एका सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून गळून ब्लाउजवर पडलं. मला वाटलं झोपेत आहे. पुन्हा चूळ भरली, पुन्हा गळलं. आरशासमोर उभी राहिले. कपाळ वर उचललं तर डाव्या बाजूला आठ्या पडल्या, उजवी बाजू नव्या कागदासारखी कोरी. डोळे मिटले तर उजवा मिटेना. गाल फुगवला, हवा निसटली. मी एकेक करून बघत होते, ओठ मुडपून, नाक आक्रसून, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की आरशातली बाई रडते आहे आणि तिच्या तोंडाची एकच बाजू रडते आहे. तेव्हा मी नवऱ्याला हाक मारली.

फोनवर मायला कळलं आणि ती शेत सोडून तिरोड्याहून मिळेल त्या गाडीने आली. तिच्यासोबत गावातले एक नात्यातले काका होते आणि काकांच्या हातात झाकलेली टोपली. टोपलीत कबुतर होतं. लकव्याला कबुतराचं गरम रक्त चोळतात, त्यांच्या घरी दोन जण त्याने उठले, असं ते म्हणाले.

"लकवा नाही हा, काका," नवरा म्हणाला. "कानातून आलंय. डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं."

"कानाचं तोंडाशी काय लेना-देना?" काका म्हणाले. "हवा लागली पोरीले. चोळून तर पाहा."

माय माझ्याकडे बघत होती. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, जसं लहानपणी कान बघायला फिरवायची. "तुले काय वाट्टे वं, बाई?"

मी फिल्म आणली. खिडकीशी धरली आणि बाईंनी दाखवली होती ती नस मायला दाखवली. ते चित्र तिला कळलं असेल असं मला वाटत नाही. मलाही अर्धंच कळलं होतं. पण माझं बोट कुठे फिरतंय आणि मी कसं सांगते आहे हे ती नीट बघत होती.

"मंग निघा ना," ती म्हणाली. "उभे काऊन राहिले? आणि ते कबुतर सोडून दे गा, बिचारं धडधडून राहिलं."

काकांनी टोपली उघडली. कबुतर आमच्या पत्र्यावर जाऊन बसलं. आम्ही दुपारच्या गाडीने नागपूरला गेलो.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोपताना नर्सने माझ्या उजव्या डोळ्यावर मलम घालून पट्टी चिकटवली, कारण तो स्वतः मिटत नव्हता. तेवढ्या एका गोष्टीने मी खचले. बाकी सगळ्याचं मला कुतूहल होतं, आत काय निघेल, किती निघेल. पण आपला डोळा दुसऱ्याने मिटून द्यावा लागतो, हे मी मेल्यावर होईल असं धरून चालले होते. मी माझा हात मायच्या हातात दिला. आजूबाजूच्या खाटांवर कोण आहे, कुठून आलंय, याची माहिती ती तोवर काढून मोकळी झाली होती.

ऑपरेशन लांबलं, पण नीट झालं. शुद्धीवर आले तेव्हा डोक्याला फेट्यासारखी पट्टी होती आणि खोली थोडी डगमगत होती. डॉक्टरांनी पिशवी पूर्ण काढली होती. नसेवरचं हाड खाऊन नस उघडी पडली होती. तिच्यावरचा दाब त्यांनी मोकळा केला, नळीचं भोक माझ्याच स्नायूच्या पातळ कापडाने झाकलं. चेहरा येईल, म्हणाले, पण हळूहळू. घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी चहा प्यायले तर तो तोंडात जुन्या नाण्यासारखा लागला. मी मायला म्हटलं, चहा खराब आहे. तिने घोट घेतला. "बरा तर आहे." मी नर्सला सांगितलं, नर्सने डॉक्टरांना. डॉक्टर म्हणाले, जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारी एक बारीक तार कानाच्या पडद्यामागून जाते. तुमची ती पिशवीत गुरफटलेली होती, कापावी लागली.

मला हे ऐकून दुखणं विसरायला झालं. चव कानातून जाते. कोणी हे मला आधी का सांगितलं नाही, शाळेच्या पुस्तकात का नव्हतं? घरी आल्यावर मी मायला कामाला लावलं. डोळे मिटून जीभ बाहेर काढायची आणि तिने बोटाच्या टोकाने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कधी साखर, कधी मीठ लावायचं. डावीकडे सगळं ओळखू यायचं. उजवीकडे बोट लागलेलं कळायचं, पण त्याला चव नसायची, पाणी लावल्यासारखं.

"आता काय लावलं?" माय विचारायची.

"काही नाही."

"मीठ होतं वं. खरंच नाही कळत?" मग ती स्वतःची जीभ दोन्हीकडून तपासून बघायची, आपलं तरी ठीक आहे का म्हणून.

नाण्याची चव काही महिन्यांत गेली. अर्धी जीभ गप्पच आहे, पण जेवताना आता ते मला मुद्दाम आठवावं लागतं. चेहरा आला. आधी डोळा मिटायला लागला, मग ओठाचा कोपरा हलला, सगळ्यात शेवटी कपाळ. एक खोड राहिली आहे. मी हसले की उजवा डोळा आपोआप थोडा बारीक होतो. नस परत जोडली जाताना तारा थोड्या इकडच्या तिकडे झाल्या, असं बाई म्हणतात. गिऱ्हाइकांना वाटतं मी डोळा मारते. चक्की रिकामी फिरली तर भिंत आता जागेवर राहते. कान वाहत नाही. ऐकू आधीपेक्षा कमीच येतं. हाडातून ऐकवणारं यंत्र मिळतं, असं बाईंनी सांगितलं आहे. ते घ्यायचं की नाही हे आमचं अजून ठरायचं आहे.

आत आता पोकळी आहे. ती दर काही महिन्यांनी साफ करून घ्यावी लागते, जन्मभर. गार हवा त्या पोकळीत शिरली तर ते नळीतलं पाणी हलतं, म्हणून थंडीत गाडीवर मागे बसताना कान बांधते. एकदा साफ करायला गेले तेव्हा माय सोबत होती. बाईंनी कॅमेरा आत घातला आणि समोरच्या पडद्यावर माझा कान दिसला. गुलाबी, ओलसर, एखाद्या गुहेसारखा. माय खुर्चीवरून उठून जवळ गेली.

"त्या जागीच मी तेल टाकत होती?" तिने विचारलं.

बाईंनी थांबून उत्तर दिलं. "तेल टाकायला नको होतं. पण हे तेलामुळे झालं नाही, आई. पडदा आत ओढला गेला, त्याला तुम्ही काही करू शकत नव्हता."

मायने मान हलवली. तिला ते पटलं की नाही मला कळलं नाही. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "तिथं तर अंगठ्याएवढी जागा नाही. कोण-कोण राहते त्यात."

तोल पूर्ण यायला व्यायाम सांगितला होता. चालताना मान डावीकडे-उजवीकडे फिरवायची, मऊ गादीवर उभं राहायचं, उजेड कमी असताना चालून बघायचं. बाई म्हणाल्या, तोल तिघं मिळून सांभाळतात, डोळे, पाय आणि कान. तुमचा एक गडी कमकुवत झालाय, बाकी दोघांना शिकवा. मी चालायचा व्यायाम माहेरी गेले की शेतात करायचे. आमच्या बांध्यांमधला, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधला, धुरा ही हातभर रुंद मातीची वाट, दोन्हीकडे रोवणीचं पाणी. डोळे उघडे ठेवून चालायला जमू लागलं तेव्हा मला वाटलं, डोळे मिटून काय होतं ते बघावं. माय मागून येत होती.

"काय करून राहिली?"

"बघतेय, किती जमतं ते."

थोडीच पावलं टाकली असतील. आपण सरळ चाललो आहोत याची मला पक्की खात्री होती आणि त्याच खात्रीने मी उजव्या बांधीत गेले, गुडघ्यापर्यंत चिखलात, रोपं आडवी करत. कानाला पाणी लागू नये म्हणून मी पडतानाही डोकं वर धरलं होतं. मायने आधी कान कोरडा आहे का बघितलं, मग रोपं सरळ केली, मग मला हात दिला.

"सरळच चालली होती मी," मी म्हटलं.

"डोळे मिटले तर सारेच पडत असतीन धुऱ्यावरून," ती म्हणाली. "थांब, मीच पाहतो."

ती पुढे झाली, लुगडं खोचलं, हात थोडे पसरले आणि डोळे घट्ट मिटले. मी चिखलाचे पाय घेऊन तिच्या बरोबरीने बांधीतून चालू लागले, पडली तर धरता यावं म्हणून. ती पायाच्या बोटांनी जमीन चाचपत, सावकाश, पण न थांबता चालत राहिली. धुरा थोडा वळला तशी तीही वळली.

"कुठी आली मी?" डोळे न उघडता तिने विचारलं.

"अजून धुऱ्यावरच."

"सांगू नको मंग," ती म्हणाली आणि पुढचं पाऊल टाकलं.